भिंतीपलीकडची शाळा

नमस्कार मंडळी. पुढं सतरंजीवर बसलेल्या मुलांनाही नमस्कार. आजचा विषय खरं तर तुमचाच आहे.

माझी भाची आपल्या बेळगावात अनगोळच्या पुढं एका नव्या ले-आऊटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून केलेल्या वसाहतीत, राहायला गेली. घर हवेशीर, मागं शिवार. तिचा मुलगा दुसरीत आहे. गच्चीवर उभं राहिलं की त्याची शाळा दिसते, आणि मधल्या सुट्टीची घंटा स्वयंपाकघरात ऐकू येते. तरी तो रिक्षानं शाळेला जातो. कारण त्यांच्या आणि शेजारच्या ले-आऊटच्या मधे भिंत आहे. सरळ गेलं तर दीडशे मीटर. रस्त्यानं जायचं तर आधी मुख्य रस्त्याला लागायचं, चौकातून वळायचं आणि मग परत आत शिरायचं. मी स्वतः चालून मोजलं, बाराशे मीटर भरलं. म्हणजे आठपट. आणि त्या बाराशे मीटरांतला निम्मा रस्ता असा, की सात वर्षांच्या पोराला मीही एकटं सोडणार नाही.

मी ३१ वर्षं सिव्हिलच्या मुलांना नगररचना शिकवली. रस्त्याची रुंदी, वळणाची त्रिज्या, वाहनांची मोजणी, सगळं फळ्यावर काढलं. चालणाऱ्या माणसाला त्यात जागा मिळाली ती शेवटच्या प्रकरणात, दीड पान. ते दीड पान परीक्षेत यायचं नाही म्हणून मी कितीदा तरी घाईनं उरकलं. याचं मला आज वाईट वाटतं, आणि म्हणूनच या व्याख्यानमालेचं बोलावणं आल्यावर दुसरा विषय डोक्यात आला नाही.

मला एकच गोष्ट सांगायची आहे. बेळगावात चालायच्या आणि सायकलच्या वाटा नाहीत, असं नाही. त्या जागोजाग तुटल्या आहेत. राकसकोपच्या धरणातून पाणी सुटलं, मोठी पाइपलाइन तुमच्या गल्लीपर्यंत आली, पण शेवटची पन्नास फूट पाइपच कुणी घातली नाही, तर तुमच्या घरी पाणी आलं असं तुम्ही म्हणाल का? वाटेचंही तसंच आहे. चार किलोमीटर उत्तम सायकलपथ केला आणि चौकाच्या अलीकडं तो संपला, तर आई मुलाला त्या चौकातून पाठवत नाही. म्हणजे तिच्या हिशेबी ते चार किलोमीटरही गेले.

हे नेदरलँड्सवाल्यांनीसुद्धा पैसे घालवून शिकलेलं आहे. तो देश पहिल्यापासून सायकलींचा होता आणि तसाच राहिला, असा आपला समज असतो. पण १९७१ साली तिथं रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेच्या वर लहान मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, सरकारवर दबाव आला. मग सत्तरच्या दशकात हेग आणि टिलबर्ग या दोन शहरांत एकेक नमुन्याचा सायकलमार्ग बांधला. रुंद, वेगळा, देखणा, भरपूर खर्चाचा. पुढं मोजणी केली तेव्हा दिसलं, की आजूबाजूच्या रस्त्यांवरचे सायकलवाले या नव्या मार्गावर आले होते. एकूण सायकली मात्र फारशा वाढल्या नव्हत्या. मग डेल्फ्ट या छोट्या शहरानं ऐंशीच्या दशकात वेगळी रीत धरली. देखणा मार्ग नको, सगळ्या शहरभर जाळं हवं. ते तीन थरांचं ठेवलं: शहर ओलांडणाऱ्या मोठ्या वाटा साधारण अर्ध्या किलोमीटरवर, वस्तीवस्तीतल्या त्याहून जवळ, आणि घरापासून कोपऱ्यापर्यंतच्या दर शंभर-दीडशे मीटरवर. काम काय केलं? बरंचसं किरकोळ. इथं कालव्यावर छोटा पूल, तिथं रुळांखालून बोगदा, कुठं एकेरी रस्त्यावर सायकलला उलट जायची मुभा. तुटलेलं जोडलं, आणि त्या शहरात सायकलचा वाटा वाढला.

दुसरं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं आहे, कारण ते उपनगराचं आहे. उट्रेख्त शहराला लागून हाउटन नावाचं खेडं होतं. सत्तरच्या दशकात ठरलं की शहराची वाढ तिकडं न्यायची. आराखडा करणाऱ्यांनी गाडीला बंदी केली नाही. गावाभोवती रिंगरोड केला, आणि गाडीनं एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जायचं तर रिंगरोडवर बाहेर पडूनच जायचं, असं ठेवलं. मधून सरळ जाणारी वाट चालणाऱ्यांना आणि सायकलींना. शाळा, स्टेशन, दुकानं त्या मधल्या वाटेवर. म्हणजे तिथला वळसा गाडीला आहे आणि सरळ वाट पोराला. माझ्या भाचीच्या ले-आऊटमध्ये हेच नेमकं उलटं झालंय.

आता आपल्या शहराकडं या. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत सुमारे ४ लाख ८८ हजार माणसं होती. छावणी आणि हिंडलगा, कंग्राळी, पिरनवाडी यांसारखी लागून असलेली गावं धरली की आकडा ६ लाख १० हजारांवर जातो. म्हणजे तेव्हाच सव्वा लाखाच्या आसपास माणसं हद्दीबाहेर, पण शहराला लागून राहणारी. वाढ होतेय ती या कडेला.

आणि या कडेची वीण जुन्या गावासारखी नाही. शहापूर, वडगाव, खासबाग डोळ्यांसमोर आणा. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायला बोळ आहे. देवळाच्या मागून वाट आहे, तलावाच्या कडेनं वाट आहे. माग चालवणारा माणूस पाच मिनिटांत कारखान्यावर पोचत होता, कारण गाव चालणाऱ्यानं चालत चालत बांधलेलं होतं. मी १९७० च्या दशकात शहापुरातून टिळकवाडीला सायकलनं कॉलेजला जायची. आम्ही चौघी मैत्रिणी. चौघींच्या घरून निघायच्या वाटा वेगळ्या आणि भेटायची जागा एक. एखादी गल्ली लग्नाच्या मांडवानं अडली तर शेजारची असायची. इंजिनिअरच्या भाषेत जाळं म्हणतात ते हेच.

नवे ले-आऊट झाडाच्या फांद्यांसारखे आहेत. प्रत्येक मालक आपल्या सर्व्हे नंबरपुरता नकाशा मंजूर करून घेतो. आतले रस्ते व्यवस्थित असतात, पण ते एकाच तोंडातून बाहेर पडतात. शेजारचा ले-आऊट तसाच. दोघांच्या पाठीला पाठ, मधे भिंत. कागदावर दोन्ही नियमात बसतात. दोघांचा मिळून जो भाग होतो त्याच्याकडं पाहायचं काम कुणाच्याच टेबलावर नसतं.

मग वाटा आणायच्या कुठून? इथं मला थोडा वेळ द्या, कारण हा माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा मुद्दा आहे. तलाठ्याकडचा जुना गावनकाशा तुम्ही पाहिलाय का? त्यावर शेतांच्या हद्दीमधून तुटक रेषा जातात. दोन समांतर तुटक रेषा म्हणजे गाडीवाट, एक असली तर पायवाट. कन्नडमध्ये बंडीदारी आणि कालुदारी. आपण पाणंद म्हणतो. येळ्ळूरहून शहापूरच्या शिवारात, धामण्याहून वडगावला, मजगावहून अनगोळला माणसं बैलगाडी घेऊन ज्या वाटांनी यायची, त्या या रेषा. बासमतीचं भात घरी यायचं ते याच वाटांनी.

या वाटा कुणाच्या? आपल्याकडं सातबाराच्या जागी आता पहाणी म्हणजे आरटीसी मिळते. त्यात खराब जमिनीची नोंद असते. ‘ए’ खराब म्हणजे खडकाळ, पिकायला नालायक जमीन. ‘बी’ खराब म्हणजे वाट, रस्ता, ओढा, नाला, स्मशान अशा सार्वजनिक वापरासाठी राखलेली. ‘बी’ खराब शेताच्या मालकाला विकता येत नाही, तिच्यावर घर बांधता येत नाही. म्हणजे शेतकऱ्याची एक गुंठाही नवी जमीन न घेता या शहराच्या कडेला वाटांचं अर्धं जाळं आधीच कायद्यानं आपलं आहे. रस्त्यांसाठी सुपीक जमीन जाणार म्हणून आपल्या भागातले शेतकरी किती वर्षं झगडताहेत, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्यापैकी कुणाला पाणंद जपा म्हटलं तर तो नाही म्हणणार नाही. एवढंच, की पाणंदीवर पहिला हक्क बैलगाडीचा आणि ट्रॅक्टरचा राहिला पाहिजे. आपण फिरायला जाणाऱ्यांनी तिथं पाहुण्यासारखं वागायचं.

ले-आऊट पडताना ही तुटक रेषा आधी दिसेनाशी होते. आधी तिच्यावर खडी पडते, मग शेजारचा कंपाऊंड दोन फूट पुढं सरकतो, मग तिथं गेट लागतं. दहा वर्षांनी तिथं वाट होती हे सांगणारी माणसंही उरत नाहीत. म्हणून माझा आग्रह असा, की नवा आराखडा हातात घेताना पहिला कागद गावनकाशाचा असावा. त्यावरच्या प्रत्येक तुटक रेषेला रंग द्यावा, आणि ती रेषा ज्या ज्या सर्व्हे नंबरातून जाते तिथल्या ले-आऊटला मंजुरी देताना वाट उघडी ठेवायची अट घालावी. तीन मीटर पुरे. तीन मीटरमध्ये दोन सायकली समोरासमोरून आरामात जातात आणि कडेनं आजी चालते.

भिंतीचं काय? मी भाचीच्या ले-आऊटमधल्या लोकांशी बोलले. दोन भीती निघाल्या. एक, चोर येतील. दुसरी, मोटरसायकली घुसतील. दोन्ही भीती खऱ्या आहेत, त्यांना हसू नये. चोराबद्दल मी एवढंच म्हणाले, की जी वाट सकाळी शाळेची पोरं, दुपारी भाजीवाली आणि संध्याकाळी फिरायला जाणारे वापरतात, तिथं चोराला दबा धरायला जागा राहत नाही. ओसाड बोळाची भीती वाटते, वापरातल्या बोळाची नाही. त्यासाठी बोळ आखूड हवा, सरळ हवा, या टोकाहून ते टोक दिसायला हवं आणि दिवा हवा. मोटरसायकलीचा प्रश्न अवघड आहे. व्हीलचेअर जाईल पण स्कूटर जाणार नाही, असा खांब अजून कुणी शोधलेला नाही. सव्वा मीटर अंतरावर खांब आणि तोंडाशी एक वळण घेतलं तर स्कूटरचा वेग मरतो, एवढं नक्की होतं. मला विचाराल तर अपंगाची वाट बंद करण्यापेक्षा चार स्कूटर सोसाव्यात.

आता रेल्वे. आपलं शहर रुळांनी दोन भागांत चिरलेलं आहे. टिळकवाडीत पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट ही नावं पत्त्यासारखी वापरतो आपण. गेटाच्या जागी उड्डाणपूल होणं गाडीवाल्याला बरंच. पण चालणाऱ्याचा हिशेब मांडून बघा. विजेच्या तारांच्या वरून पूल न्यायचा तर रस्ता सात-आठ मीटर चढतो. सायकलला सोसेल असा, तीस मीटरला एक मीटर चढ धरला, तर एका बाजूचा चढच सव्वादोनशे मीटरच्या आसपास जातो. रुळांखालून जायचं असेल तर चालणाऱ्याला डोक्यावर अडीच मीटर मोकळी जागा बास. वरचा स्लॅब धरून साडेतीन मीटर उतरलं की झालं. वीस मीटरला एक मीटर उतार धरला तर सत्तर मीटरमध्ये माणूस खाली पोचतो, आणि सायकलला उताराचा वेग पुढच्या चढाला कामी येतो. आपल्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस कसा असतो हे मी सांगायला नको. खोलगट भुयारात पाणी साचलं तर चार महिने ती वाट मेली. म्हणून नाल्याकडं आपोआप निचरा होईल अशी जागा आधी निवडायची, आणि ते जमलंच नाही तर पंपासाठी कायमचा माणूस आणि कायमची तरतूद. उद्घाटनापुरता पंप नको.

आता फुटपाथ. चार वर्षांपूर्वी माझ्या शेजारणीच्या सासूबाई सकाळी देवळात निघाल्या होत्या. गटारावरची एक फरशी निघालेली. पाय आत गेला, खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर त्या पुन्हा कधीच घराबाहेर चालत गेल्या नाहीत. त्यांना रोज देवळात भेटणाऱ्या तीन बायका होत्या, तेही तुटलं.

आपले फुटपाथ म्हणजे बहुतेक ठिकाणी गटाराची झाकणं आहेत. गटाराची उंची ठरते ती पाण्याच्या उतारानं, म्हणून फुटपाथ कुठं फूटभर, कुठं दीड फूट वर. इंडियन रोड्स काँग्रेसची २०१२ ची पादचाऱ्यांसाठीची नियमावली सांगते, की चालायची मोकळी जागा किमान १.८ मीटर हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. हे दोन आकडे पाठ करा, पोरांनो. १.८ मीटर कशासाठी? व्हीलचेअर किंवा बाळाची गाडी आणि समोरून येणारा माणूस, दोघं न थांबता जावेत म्हणून. झाड, विजेचा खांब, डीपी, फलक हे सगळं त्या १.८ च्या बाहेर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक घराच्या गेटापाशी फुटपाथ खाली उतरता कामा नये. तो सपाट जावा, गाडीनं त्यावर चढून यावं. आज शंभर मीटरमध्ये आठ गेटं असली तर म्हातारा माणूस आठदा उतरतो आणि आठदा चढतो. मग तो रस्त्यावरून चालतो, आणि आपण म्हणतो की लोक फुटपाथ वापरतच नाहीत.

रस्ता ओलांडायचाही असाच हिशेब आहे. सिग्नलचा वेळ काढताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. २४ मीटर रुंद रस्त्याला २० सेकंद. पण गुडघे दुखणाऱ्या बाईचा वेग ०.८ असतो. तिला ३० सेकंद लागतात. तिच्यासाठी दहा सेकंद जास्त द्यायचे, किंवा मधे थांबायला कठडा करायचा. गाडीचा वेगही बघा. ताशी ३० ऐवजी ५० वेगानं येणाऱ्या गाडीच्या धडकेतली ऊर्जा पावणेतीन पटींहून जास्त असते. म्हणून वस्तीतल्या आतल्या रस्त्यांना वेगळा सायकलपथ लागतच नाही. तिथं गाडीचा वेग ३० च्या आत ठेवला की सायकल आणि गाडी एकत्र चालतात. वेगळा, कठड्याचा सायकलपथ हवा तो खानापूर रोडसारख्या रस्त्यांना, जिथं बस, टेंपो आणि उद्यमबागेच्या कारखान्यांचे ट्रक आहेत.

काकती, होनगा, हलगा इथं महामार्गानं गाव आणि शिवार वेगळं केलंय. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन दुभाजक ओलांडणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्यात. भुयारी रस्ता अर्ध्या किलोमीटरवर आहे म्हणून त्यांना दोष देऊ नका. भारा डोक्यावर घेऊन एक किलोमीटर जास्त चालून बघा.

‘आता सायकल चालवतंय कोण?’ हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी विचारतात. सकाळी साडेसहाला रस्त्यावर उभं राहा. पेपरवाला, दूधवाला, गवंडी, फौंड्रीतला कामगार, हॉटेलातला पोरगा. ते आपल्याला दिसत नाहीत, कारण ते आपल्या आधी निघतात. कर्नाटक सरकारनं २००६-०७ मध्ये आठवीतल्या मुलांना सायकल द्यायची योजना सुरू केली, ती पुढं बरीच वर्षं चालली. खानापूर तालुक्यातल्या किती मुली त्या सायकलीमुळं हायस्कूल पुरं करू शकल्या! माझ्या वर्गात त्यातल्या काही पुढं आल्या. गावात असेपर्यंत त्या सायकलनं जायच्या. शहरात आल्यावर सायकल खोलीच्या बाहेर गंजत पडली. सायकल सरकारनं दिली होती, पण शहरानं त्यांना वाट दिली नाही.

म्हैसूरनं २०१७ मध्ये भाड्याच्या सार्वजनिक सायकली सुरू केल्या. चांगलं झालं. आपल्याकडंही कुणी तसं म्हणेल, तेव्हा मी एवढंच म्हणेन की आधी वाट, मग सायकल. बेळगाव तर जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत निवडलं गेलं, आणि काही रस्त्यांवर फुटपाथ नव्यानं झाले. त्यांच्या दोन्ही टोकांना जाऊन उभं राहा आणि पुढचा माणूस कुठं जातो ते बघा. हेगची गोष्ट आठवेल.

शनिवारच्या बाजाराचं एक सांगते. फुटपाथ मोकळा करायचा म्हणजे भाजीवाल्या हटवायच्या, असा अर्थ लावला जातो. मला तो मान्य नाही. २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा त्यांना जागा द्यायला सांगतो. कडोलीची, येळ्ळूरची बाई बुट्टी घेऊन बसते म्हणून तर आपण त्या रस्त्यानं चालत जातो. तिला झाडाच्या ओळीत, चालायच्या पट्ट्याबाहेर मीटरभर जागा आखून दिली की ती आणि आपण, दोघंही राहतो.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की चांगला फुटपाथ हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि राज्यांनी तो अपंगांनाही वापरता येईल असा ठेवावा. अर्ज करायला आता हा आधार आहे. पण अर्जाला नकाशा जोडलेला असला तर तो टेबलावरून हलतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी एक काम घेऊन आले आहे.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता आपण अनगोळच्या वेशीपासून निघू. माझ्याकडं चार गावांच्या गावनकाशाच्या प्रती आहेत. वहीच्या पानाएवढ्या तुकड्यांत त्या कापून ठेवल्यात, प्रत्येक गटाला एक. तुटक रेषा जिथं आहे तिथं चालत जायचं. वाट उघडी असेल तर हिरवी खूण, अडली असेल तर लाल, आणि अडली कशानं ते शेजारी लिहायचं: भिंत, गेट, खडी, पाणी. मोजायला टेप मी आणते. तुम्ही फक्त एक करा. घरातल्या आजोबांना, आजींना सोबत आणा, बैलगाडीत बसून त्या वाटेनं आलेल्यांना. नकाशावर रेषा असते, पण आंब्याच्या झाडापासून डावीकडं वळायचं की उजवीकडं, हे त्यांनाच माहीत आहे.